बोरघाट उतरवणारी माणसे

पुण्याहून मुंबईकडे जाणारी रेल्वे लोणावळ्यानंतर बोरघाट उतरते. उतार 1:37 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे जाताना गाडी 1 मीटर खाली येते. डांबरी रस्त्याच्या हिशेबाने हे काहीच नाही, पण पोलादी चाकाची पोलादी रुळावरची पकड फार थोडी असते. 1863 मध्ये मार्ग खुला झाला तेव्हापासून या उताराने गाडी चालवणाऱ्यांची परीक्षा घेतली आहे. जयसिंगपूरला रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये चढलेला प्रवासी हा घाट पहाटे झोपेत उतरतो. प्रस्तुत लेखकही वर्षानुवर्षे तसाच उतरला. गाडी मध्येच काळोखात थांबली की वैतागून कूस बदलायची, इतकाच त्याचा घाटाशी संबंध होता. तो वैताग आता बोचतो.

गाडी थांबते ती ब्रेक तपासण्यासाठी. मंकी हिल आणि ठाकूरवाडी ही त्यासाठीची ठिकाणे. तिथे मुख्य मार्गाला एक आंधळा फाटा असतो, तो डोंगराच्या अंगावर चढत जातो आणि संपतो. सांधा एरवी त्या फाट्याकडेच वळवलेला असतो. गाडी आपल्या ताब्यात आहे हे चालकाने थांबून दाखवले, तरच पुढची वाट मोकळी होते. ताबा सुटलेली गाडी फाट्यावर चढून थांबावी, अशी ही योजना.

चढताना कर्जतला मागून बँकर इंजिने लावतात, ती लोणावळ्याला सुटतात. पुढचा आणि मागचा चालक एकमेकांना दिसत नाहीत. शिट्टीच्या ठरलेल्या खुणा आणि वॉकीटॉकी यांवर सगळा मेळ बसतो. पावसाळ्यात दरडींची भीती असते. गस्तवाले हातात दिवा आणि झोळीत धोक्याचे फटाके घेऊन रुळांवरून चालतात. जुलै 2021 मध्ये याच घाटात जागोजागी मार्ग वाहून गेला होता. 27 जुलै 2019 ला कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरात अडकली. सुमारे 1,050 प्रवाशांना बाहेर काढले, हा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. इंजिनात कोण होते, हे जयसिंगपुरात तरी कोणी विचारल्याचे आठवत नाही.

पण दरड आणि पूर कधीतरी येतात. इंजिनात शौचालय नसणे ही रोजची गोष्ट आहे. डब्यातल्या प्रत्येक प्रवाशासाठी सोय आहे. इंजिनातल्या ज्या दोघांच्या, म्हणजे चालक आणि सहायक चालकाच्या, हातात त्या सगळ्यांचे जीव आहेत, त्यांच्यासाठी ती दीडशेहून अधिक वर्षे नव्हती. 2016 मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना जैव-शौचालय असलेले पहिले इंजिन धावले. त्याचे दारही गाडी पूर्ण थांबून ब्रेक लागल्यावरच उघडेल, अशी रचना होती. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. मात्र धावत्या एक्सप्रेसच्या चालकाला थांबण्याची मुभा कोण देणार? केबिनमध्ये दक्षतेचे यंत्र असते, मिनिटभर हालचाल झाली नाही तर ते इशारा देते. झोप लागू नये याची इतकी काळजी घेणाऱ्यांना बाकीच्या शरीराचा विसर कसा पडला, हे कळत नाही. लोक ड्युटीआधी पाणी पिणेच टाळतात. स्त्रियांचे हाल तर बोलायला नकोत. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी 8 मार्च 2011 रोजी पुण्याहून डेक्कन क्वीन हाच घाट उतरवत मुंबईला नेली, तेव्हा सत्कार झाले, फोटो निघाले. त्यांच्यामागून मुली या नोकरीत आल्या, हे फार मोठे काम झाले. तरीही आपल्या लेकीने ही नोकरी धरावी का, असे कोणी विचारले तर प्रस्तुत लेखक आधी इंजिनात शौचालय आहे का ते पाहायला सांगेल. मग असेही वाटते की हे सांगणे चूक आहे. मुली आल्या म्हणूनच तर हा प्रश्न मोठ्याने बोलला जाऊ लागला.

जानेवारी 2022 पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, चालक त्याआधीच लोको पायलट झाला होता. नावे भारदस्त झाली. कर्जतला बँकर जोडेपर्यंत प्रवासी आजही वडा घ्यायला फलाटावर उतरतात. पुढच्या इंजिनातल्या दोघांपैकी एकाला मात्र जागेवरच बसावे लागते, कारण इंजिन रिकामे सोडता येत नाही.