रुमालाची गाठ

ज्याने एका सरकारी कचेरीत ३४ वर्षे आवक-जावक बारनिशी सांभाळली आणि त्या बारनिशीच्याच कृपेने आज जो निवृत्तिवेतन खातो आहे, त्याने माहितीच्या सुकाळाविषयी कुरकुर करणे म्हणजे कृतघ्नपणाच होय. माझी कुरकुर नाहीच. हातून एक गोष्ट घडली, तिची केवळ नोंद करावी म्हणतो. नोंद केल्यावाचून आम्हा कारकुनांना काही घडल्यासारखेच वाटत नाही.

गावाकडचे घर उतरवायचे ठरले, तेव्हा माळ्यावरच्या पेटीत मोडी कागदांचे तीन रुमाल निघाले. आमच्या घराण्याकडे पूर्वी कुलकर्णीपणाचे वतन होते, त्याचे हे अवशेष. दोन दुपारी खपून मी त्या सर्व कागदांची मोबाइलवर छायाचित्रे घेतली, ४१२ भरली. ती मुलांना पाठवली, तिकडून जोडलेले हात आणि उंचावलेले अंगठे आले, आणि पूर्वजांचे ऋण फिटल्याच्या समाधानात मी रुमाल पूर्ववत् बांधून ठेवले. पुढे दीड वर्ष त्यांतले एकही चित्र उघडले नाही. याला आळस म्हणावे, तर निवृत्तीनंतर वेळ घालवण्याचीच पंचाईत होती! परंतु जी वस्तू केव्हाही पाहता येईल ती आजच पाहण्याची निकड मनाला उरत नाही, आणि कागद आपल्यापाशी आहे एवढ्यावरच तो आपण वाचला आहे, असा एक मऊ भ्रम दुधावर साय धरावी तसा मनावर धरत जातो.

त्या दीड वर्षात मला ज्ञात झालेल्या गोष्टींची यादी केली, तर लासलगावच्या कांद्याच्या भावापासून दूरदेशींच्या युद्धांपर्यंत ती सहज दहा बंद होईल. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईस बसून ज्याचा पाया घातला, तो अवघा मराठी विश्वकोश माझ्या सदऱ्याच्या खिशात असतो. तरीही रात्री दिवा मालवताना, आज मी कशात होतो, असे स्वतःस विचारले की जाब सुचत नसे.

दोष माहितीचा म्हणवत नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड उभे केले ते माहितीच्याच ध्यासाने, आणि त्या ध्यासात त्यांच्या आयुष्याचे सोने झाले, यात मला शंका नाही. पण एवढा पसारा मांडूनही ते तेवढ्यावर थांबले नाहीत. कादंबऱ्याही लिहिल्या, ‘ब्राह्मणकन्या’ १९३० ची. कोशात न मावलेले काही त्यांच्यापाशी उरले असावे, असे मी आपला समजतो. कोश करणारा प्रत्येक नोंदीतून स्वतः जातो; आमच्यापाशी नोंदीच तेवढ्या येऊन पडतात.

गेल्या श्रावणात, वीज गेल्याने मोबाइल निपचित पडला होता अशा एका संध्याकाळी, मी एक रुमाल सोडला आणि वरचाच कागद खिडकीपाशी नेला. मोडी मी निवृत्तीनंतर वर्गात जाऊन शिकलो. परंतु वर्गातली मोडी निराळी आणि बोरूने सरसर ओढलेली निराळी. आधी ओळभर रेघ ओढून तिला अक्षरे लटकवलेली, शब्दाशब्दांत फट नाही, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही. आठ ओळींच्या त्या चिटोऱ्याला मला अकरा दिवस लागले. चौथ्या दिवशी ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ हे लागले, म्हणजे शुहूर सन ११७२, इसवी सन १७७१-७२. त्या दिवशी जेवताना मी कोणाशी बोललो नाही, इतका आनंद झाला होता. सातव्या दिवशी ‘जोंधळे कैली’ लागले. निष्पन्न इतकेच झाले की, आमच्या कोणा मूळपुरुषाने एका कुणब्याकडून एक खंडी तीन मण जोंधळे भरून घेतले आणि त्याची पावती केली.

पुढच्याच वर्षी थेऊरला थोरले माधवराव निवर्तले. पेशवाईवर येऊ घातलेल्या त्या संकटाची या कागदाला गंधवार्ता नाही. आजचा मी त्या काळी असतो, तर श्रीमंतांच्या ज्वराचा चढउतार मला घटकेघटकेला कळत राहिला असता, आणि जोंधळे मात्र मोजायचे राहून गेले असते. पावती करणाऱ्याचे अक्षर सारखे, ठाम आहे. शेवटच्या ओळीपर्यंत त्याचा हात कोठेही घाईला आलेला नाही. त्या हातामागून माझे बोट अकरा दिवस फिरले, आणि त्या अकरा दिवसांचा जाब मला कोणत्याही रात्री देता आला असता.

आठव्या ओळीतला एक शब्द मात्र अजून लागत नाही. ‘बाकी’ असावा, ‘बाजी’ही असेल, कडेला कसरीने खाल्ले आहे. परवा नात म्हणाली, “आजोबा, तुम्ही फोटो काढून मोडीवाल्यांच्या ग्रुपवर टाका ना, दोन मिनिटांत सांगतील.” सांगतील, हे मला ठाऊक आहे. मी तिला म्हटले, “टाकू, टाकू, दिवाळी होऊ दे,” आणि भिंग पुसून कागद पुन्हा खिडकीपाशी नेला.