उधन्याला न उतरणारी माणसं

सुरतेच्या उधना जंक्शनवर जळगाव-नंदुरबारकडची गाडी लागली की पाच-दहा मिनिटं आपण गुजरातेत आहोत याचा पत्ता लागत नाही. डब्यातून आधी बोचकी उतरतात, मग मिरच्यांची पोती, मग पोरं, आणि सगळ्यांवरून ‘भो’, ‘नाना’, ‘आप्पा’ अशा हाका. सुरत ते अमळनेर ही तापी खोऱ्याची लोहमार्गाची वाट 1900 च्या आसपास पुरी झाली तेव्हा डोळ्यांसमोर होता खान्देशचा कापूस. कापसामागून माणसं आली. दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव या स्टेशनांची नावं आज उधना, लिंबायत, डिंडोलीच्या गल्ल्यांत गावकीसारखी वापरली जातात: अमुक घर अमळनेराकडचं, तमुक शिंदखेड्याकडचं. घरातला कर्ता लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बारा तासांची पाळी करतो, बाई उंबऱ्यात बसून साड्यांचे धागे कापते नाहीतर टिकल्या चिकटवते, पोरगा महापालिकेच्या मराठी शाळेत जातो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते, रोटाचं पीठ दळलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तिची पाठवणी होते. देवीच इथे आणली म्हणजे मुक्काम कायमचा, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मात्र ज्या नंदुरबार जिल्ह्यातून ही गाडी येते, त्याच जिल्ह्यातली सातपुड्याच्या डोंगरावरची माणसं या फलाटावर फारशी दिसत नाहीत. अक्राणी आणि अक्कलकुवा हे दोन तालुके म्हणजे तोरणमाळचं पठार, अस्तंब्याचं शिखर, नर्मदेकडे उतरणाऱ्या दऱ्या, आणि एकेका टेकाडावर एकेक घर अशी विखुरलेली पावरा-भिल्लांची गावं. सरकारी कागदात यांच्यामागे ‘अतिदुर्गम’ हा शब्द कायमचा चिकटलेला आहे. नंदुरबार 1998 साली वेगळा जिल्हा झाला. 2011 च्या जनगणनेत राज्यात साक्षरता सर्वांत कमी इथेच, सुमारे 64 टक्के. यातून एक चित्र सहज तयार होतं: डोंगरातलं गाव मागे राहिलं, कारण ते जगापासून तुटलेलं आहे, रस्ता नेला की ते जोडलं जाईल. या चित्राचा पायाच कच्चा आहे. ही गावं तुटलेली नाहीत, फार पूर्वीपासून दक्षिण गुजरातच्या बाजाराला घट्ट बांधलेली आहेत. प्रश्न आहे तो बांधणीच्या अटींचा.

दिवाळीच्या आगेमागे डोंगराच्या पायथ्याशी ट्रक लागतात. त्यांत नवरा-बायकोची जोडी बसते. हिशेबात तिचं नाव ‘कोयता’. सोबत भांडी, कोंबड्या, लहान पोरं. ट्रक बारडोलीच्या आसपास उसाच्या पट्ट्यात कुठल्यातरी पडावावर थांबतो, आणि पुढचे पाच-सहा महिने तेच गाव. काळोखात उठायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी येईल त्या वेळी भरायची, मग ती मध्यरात्र का असेना. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकून चार पैसे सुटे होतात. बाकी मजुरी हातात येत नाही, ती मजूर जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत राहते. मध्यंतरी जगायला ज्वारी मिळते, तिला खावटी म्हणायचं, आणि तीही शेवटी मजुरीतून वळती होते. पावसाळ्यात घेतलेली आगाऊ उचल पुष्कळदा दीडीने, म्हणजे दीडपट करून, कापली जाते. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात बारडोली भागातल्या खान्देशी ऊसतोड मजुरांचा अभ्यास केला आणि सहकारी साखर कारखानदारीत उसाबरोबर माणूसही कसा पिळला जातो ते मांडलं. पन्नास वर्षांत ट्रक बदलले, वहीची जागा काही ठिकाणी मोबाइलने घेतली असेल; उचल, खावटी आणि हंगामाअखेरचा हिशेब हा सांगाडा तोच आहे. पडाव ते उधना हे अंतर तासाभराचं, पण त्या ट्रकचा रस्ता उधन्याला जात नाही.

डोंगराळ मुलुखाच्या बाबतीत ही दिशाभूल आपल्याकडेच होते असं नाही. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरी खोऱ्यांत 1930 च्या दशकात सोनं शोधणारे ऑस्ट्रेलियन पोचले, आणि आतापर्यंत कुणाला ठाऊक नसलेली लाखो माणसं सापडली म्हणून जगभर गवगवा झाला. त्यानंतर वीसेक वर्षांतच, 1950 पासून, सरकारी योजनेखाली त्याच खोऱ्यांतले पुरुष दोन-दोन वर्षांच्या करारावर किनाऱ्याच्या मळ्यांत पाठवले जाऊ लागले. गोरोकाचा पिसांच्या मुकुटांचा प्रसिद्ध मेळा 1957 साली सुरू झाला. तो बघायला येणाऱ्याला नाचणारा माणूस अनादि काळातून आल्यासारखा वाटतो, त्याने कुणाच्या मळ्यात किती हंगाम काढले हे पिसांवरून कळत नाही. अक्कलकुव्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीचे फोटो मासिकांत छापून येतात, तेव्हाही असंच होतं. अंगावर राखेचे ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप घातलेला बुध्या आठवड्यापूर्वी पडावावर मोळ्या बांधत असू शकतो, हे फोटोखाली लिहिलेलं नसतं.

रस्त्याचं काय, असं कुणी विचारील, आणि ते रास्तच आहे. सप्टेंबर 2021 मध्ये याच डोंगरातल्या चांदसैली घाटात दरड कोसळून वाट बंद झाली तेव्हा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालत निघालेल्या माणसाची बातमी राज्यभर गेली. ती बाई वाचली नाही. बांबूच्या झोळीतून बाळंतिणीला नेल्याच्या बातम्या तर दर पावसाळ्यात येतात. तिथे रस्त्याविरुद्ध बोलणं हा निव्वळ उद्धटपणा होईल. पण रस्ता हा दोन्हीकडून वापरला जातो. ज्या डांबरावरून ॲम्ब्युलन्स वर चढते त्याच डांबरावरून मुकादमाचा ट्रक आणखी आतल्या पाड्यापर्यंत पोचतो. रस्त्याने जीव वाचतील. उचल फिटणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त सूक्ष्म आहे. डोंगरातल्या माणसाला उधन्यात राहायचंच नसतं, त्याची ओढ होळीची आणि रानाची, मग शहराने त्याला ठेवून घेतलं नाही ही तक्रार कशाला? ओढ खरीच आहे. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार भरला की माणसं मिळेल त्या गाडीने परततात. पण तिच्यावरच सगळा भार टाकला की एक हिशेबी कारण झाकलं जातं. डोंगरात बहुतेकांची जमीन म्हणजे वनखात्याच्या हद्दीतला तुकडा. वनहक्क कायद्याप्रमाणे 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा सिद्ध करायचा, आणि जमीन आपण कसतो हे दाखवत राहायचं. मृगाला मका-ज्वारी पेरायला न परतणारा माणूस केवळ एका पिकाला मुकत नाही, दाव्यालाही मुकण्याची भीती बाळगतो. पापुआ न्यू गिनीतली बहुतांश जमीन अजून कुळांच्या वहिवाटीची आहे, म्हणून किनाऱ्यावर गेलेल्याचा गावातला वाटा निदान तत्त्वतः शाबूत राहतो. सातपुड्यात तो वाटा दर पावसाळ्यात पुन्हा कमवावा लागतो. याला कुणी निसर्गप्रेम म्हणो.

बरं, उधना म्हणजे काही वैकुंठ नव्हे. कानठळ्या बसवणारी खाती, पावसात खाडीचं पाणी घुसणाऱ्या वस्त्या, दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण; नव्या यंत्रांना माणसंही कमीच लागतात. अमळनेरचा माणूस इथे सुखात आहे असं म्हणण्याचा प्रश्नच नाही. तरी त्याच्या हातात एक गोष्ट आहे जी पडावावर नाही: एका शेठशी पटलं नाही तर तो पुढच्या महिन्यात दुसऱ्या खात्यात जातो. तो आला तो चुलतभावाच्या पत्त्यावर, मुकादमाच्या उचलीवर नव्हे. त्या एवढ्याशा फरकातून पुढचं सगळं निघालं: भाड्याची खोली, मग कर्जाची खोली, शाळा, मतदारयादी. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील 2009 पासून नवसारीचे खासदार आहेत, आणि उधना-लिंबायत त्याच मतदारसंघात येतात. मराठी वस्तीचं वजन यातून कळतं. उलट, महाराष्ट्राच्या विधानसभेचा पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ अक्कलकुवा, त्यातलं पहिलं केंद्र नर्मदाकाठचं मणिबेली, तिथे मतदानयंत्र होडीने जातं म्हणून दर वेळी कौतुकाची बातमी येते. 2024 ची विधानसभा 20 नोव्हेंबरला झाली. ते दिवस उसाच्या हंगामाचे.

यावर सरकारने काहीच केलं नाही असं म्हणता येत नाही, आणि तेच अधिक बोचतं. देशातलं पहिलं आधार 2010 मध्ये याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. एका राज्याचं रेशन दुसऱ्या राज्यात मिळण्याची सोय 2019 मध्ये सुरू झाली तीही ज्या जोड्यांपासून, त्यांतली एक महाराष्ट्र-गुजरात. तरी पडावावर ज्वारी मुकादमाची, कारण दुकान गावात आणि पडाव शेतात. शिवाय रेशनकार्ड गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना लागतं. आषाढ-श्रावणात डोंगरातल्या घरात दाणा नसतो, याची दखल राज्याने 1978 मध्येच घेऊन आदिवासींसाठी खावटी कर्ज सुरू केलं होतं. ते मध्ये बंद पडलं, 2020 मध्ये एका वर्षापुरतं अनुदान म्हणून परत आलं: कुटुंबामागे चार हजार रुपये, निम्मे खात्यात आणि निम्म्याचा किराणा. रोग ओळखला तो बरोबर. मुकादम मात्र एका वर्षापुरता येत नाही, तो दर पावसाळ्यात येतो, अर्ज मागत नाही आणि रोख देतो. अक्राणीतल्या पोराने कधी उधन्याला आपल्या पायांनी, आपल्या तिकिटावर उतरायचं असेल, किंवा न उतरता वरच राहायचं असेल, तर आषाढ-श्रावणाच्या त्या दोन महिन्यांत त्याच्या घरात मुकादमाच्या आधी कुणाचे पैसे पोचतात यावर ते ठरणार.