रोहिणीच्या पाण्यावरून

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासात, आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावोगावच्या विहारांत बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. दिवस निंदण-डवरणीचे, पावसाची झड लागलेली. तरी वावरातून आलेल्या बाया स्वयंपाक उरकून, पांढऱ्या साड्या नेसून विहारात येतात. वंदना होते, त्रिसरण-पंचशील होतं, मग वाचन. सेलू तालुक्यातल्या आमच्या विहारात हे काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत शिकवते आणि माझा आवाज मागच्या सतरंजीपर्यंत पोचतो.

एरवी सगळ्यांचा डोळा समारोपावर असतो. खीरदानाच्या आत ग्रंथ संपला पाहिजे, म्हणून पानं झपाझप उलटतात. एका वर्षी आम्ही ठरवलं, की अडेल तिथं थांबायचं आणि कुणीही थांबवायचं. सुरुवातही परिचयापासून केली. पुष्कळ ठिकाणी तो गाळून थेट सिद्धार्थाच्या जन्माकडे जातात. पण बाबासाहेबांनी आपले चार प्रश्न तिथेच मांडले आहेत: सिद्धार्थानं परिव्रज्या का घेतली, चार आर्यसत्यं मूळ शिकवणुकीतली आहेत का, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, आणि भिक्खू कशासाठी.

पहिल्याच प्रश्नाला वाचन अडलं. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, ही सर्वांना पाठ असलेली गोष्ट. मागून एक आजी म्हणाल्या, "मॅडम, थांबा जी. एकोणतीस वर्षांचा होईस्तोवर त्यानं मेलेला माणूस पाह्यलाच नोता काय?" मी पुढच्या ओळी वाचल्या. बाबासाहेबांचा आक्षेप नेमका तोच होता. विहारात हशा पिकला आणि आजी ताठ बसल्या. त्यानंतर हात वर व्हायला वेळ लागला नाही.

रोहिणी नदीच्या प्रकरणाला तर गडी माणसंही पुढं सरकली. शाक्य आणि कोलिय दोघंही रोहिणीच्या पाण्यावर शेती करायचे. आधी पाणी कुणी घ्यायचं यावरून मारामारी झाली. बोर धरणाच्या कालव्यावर ओलीत करणारा एक शेतकरी म्हणाला, "हे तं आपल्या मायनरचंच भांडण हाय." वरच्यांची पाळी संपत नाही आणि टेलवाल्यांचा हरभरा वाळतो, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पण प्रकरण पाण्यापाशी संपत नाही. सेनापती शाक्य संघात युद्धाचा ठराव आणतो. सिद्धार्थ सुचवतो, की दोन्हीकडची दोन-दोन माणसं निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. मतदानात तो हरतो. सैन्यात जायला नकार दिल्यावर त्याच्यासमोर फाशी किंवा देशत्याग, नाहीतर कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती एवढेच पर्याय उरतात. बहिष्कार हा शब्द येताच एका आजोबांनी हात वर केला. 1956च्या दीक्षेनंतर त्यांच्या वडिलांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तेव्हा वस्तीला मजुरी मिळेना. ते सांगत होते आणि मी पुस्तक मिटून ऐकत होते.

परिव्रज्येची ही मांडणी बाबासाहेबांच्या आधी धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध'मध्ये केली होती. पाली ग्रंथांचा हा गाढा अभ्यासक 1947च्या जूनमध्ये सेवाग्रामला वारला. वस्तीतल्या एका सुनेनं माहेराहून बाबासाहेबांच्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद आणला होता, तो भदंत आनंद कौसल्यायन यांचा. तेही वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीत बरीच वर्षं होते. पालीतले मूळ संदर्भ हुडकण्याचं काम त्यांनी केलं. आमच्या जिल्ह्याचं हे धन आमच्याच मुलांना माहीत नाही.

सर्वांत अवघड गेला कर्माचा भाग. गटात एक बाई होती. कर्जापायी नवऱ्यानं औषध घेतलं, आणि नातेवाइकांनी तिला मागच्या जन्माचं पाप ऐकवलं. बुद्धाचा कर्मनियम या जन्मातल्या कृतीचा आणि तिच्या परिणामांचा आहे, गतजन्मीच्या हिशेबाचा नाही, हे बाबासाहेबांचं विवेचन मी वाचलं. तिनं पान पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "मंग सावकाराचं कर्म कोणाच्या खात्यात?" एका काकांना पुनर्जन्म मान्य होता, जातककथांचा दाखला देत ते शेवटपर्यंत भांडले. त्यांचं मत बदललं नाही, आणि कुणी त्यांना गप्पही केलं नाही.

आश्विन पौर्णिमेला ग्रंथ संपला नव्हता. खीर झाली आणि उरलेला भाग दर रविवारी घ्यायचं ठरलं. येत्या वर्षावासात तुमच्या विहारात वाचन असेल, तर परिचय गाळू नका आणि पानांची घाई करू नका. बाबासाहेबांनी ग्रंथाच्या दारातच प्रश्न ठेवले आहेत. आपण नुसते श्रोते होऊन बसलो, तर ते वाचन पारायणच ठरेल.