लाल दिव्याची गाडी

माणसाला दिवा लावण्याची जितकी हौस, तितकीच आपोआप लागलेल्या दिव्याची धास्ती. दिवाळीत आपण ओळीने पणत्या लावतो, आकाशकंदील टांगतो, माळा सोडतो. आणि एखादी पणती विझली तर हळहळतो. पण शेजारच्या घरात मध्यरात्री एकाएकी दिवा लागू द्या. आपण उशीवरून डोके उचलून लगेच विचारतो, "काय झाले असेल हो?" आपण लावलेला दिवा शोभेचा, आपोआप लागलेला दिवा बातमीचा. आणि बातमी म्हटली की ती बहुधा वाईट, हे आपण धरूनच चालतो.

एके काळी लाल दिव्याची गाडी म्हणजे केवढा थाट होता! ती दारात उभी राहिली की गल्लीतली पोरे गोळा व्हायची. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या टपावरचे ते दिवे उतरले. आमच्या बारा वर्षांच्या जुन्या मोटारीला मात्र गेल्या वर्षी लाल दिवा मिळाला. फरक इतकाच की तो टपावर नव्हता, आत होता. वेगाच्या आणि पेट्रोलच्या काट्यांच्या शेजारी. एक वर्तुळ, त्याच्या दोन्ही बाजूंना कंस आणि मध्ये उद्गारचिन्ह! व्याकरणाच्या पुस्तकातून निसटून आल्यासारखे ते चिन्ह ब्रेकचे असते.

आम्ही बीडचे. थोरली ताई लिंबागणेशला दिली आहे. बीडला रेल्वेची गाडी आली ती २०२५ च्या सप्टेंबरात. तोवर आमच्या कितीक पिढ्यांचे येणेजाणे चाकांवर झाले, आणि लिंबागणेशला जायचे तर आजही रस्त्याशिवाय गती नाही. बीड सोडले की पाली, मग मांजरसुंब्याचा घाट, घाट चढून वर आले की पाटोद्याच्या वाटेवर लिंबागणेश. दिवाळीच्या दिवसांत या बालाघाटच्या अंगावर सीताफळे पिकतात. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला सरकारी मानांकन मिळाले. आम्हांला ते टोपलीतल्या वासावरून आधीच ठाऊक होते. रस्ता असा गोड, पण घाट तो घाट. चढताना इंजिनाची परीक्षा आणि उतरताना ब्रेकची.

या दिव्याचा स्वभाव मोठा चमत्कारिक होता. सपाटीवर तो गप्प असे. घाट उतरू लागलो, वळणावर ब्रेक दाबला, की डोळे वटारी. पायथ्याला आलो की पुन्हा साळसूद! गाडी दुरुस्तीला नेली की तिथल्या गुळगुळीत फरशीवर तो उमटेचना. शाळेत तपासणीसाहेब आले की वर्गातले सर्वांत दंगेखोर पोर जसे हात बांधून बसते, तसेच हे. कारागीर म्हणाले, "साहेब, दिवा कुठाय?" त्यांनी तेल थोडे कमी दिसले म्हणून वरून घातले, झाकण पुसले आणि पैसे घेतले. पंधरा दिवसांनी दिवा परत आला. पुन्हा तेल, पुन्हा पंधरा दिवस. तिसऱ्या खेपेस दुसऱ्या एका ठिकाणी नेली. तिथल्या गृहस्थांनी बॉनेट उघडले, एक वायर ओढून काढली आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "सेन्सर गेला होता. आता नाही लागायचा."

आणि खरोखरच नाही लागला! घरात आनंदीआनंद झाला. आमच्या सौभाग्यवतींनी तर त्या काचेवर चिकटवण्यासाठी आणलेली काळी पट्टी परत कपाटात ठेवली. मी मात्र अंगणात येऊन ती वायर होती तिथे पुन्हा खोचली. घरातल्या सर्वांचे मत पडले की मला सुख बघवत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा कसला हट्ट? ब्रेक तर लागत होते. पावलाला काहीच वेगळे वाटत नव्हते. खरे आहे; पण त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. मोटारीचा ब्रेक म्हणजे नळ्यांत कोंडलेले तेल. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो, हे पास्कलने सांगितले आणि त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापला गेला. त्यावर चारही चाके थांबवणारी मोटार विक्रीला आली ती १९२१ च्या सुमारास, अमेरिकेत. आपण पावलाने दाबतो ते तेल. ते तेल चाकाशी जाऊन ब्रेक दाबते. या तेलाची एक छोटी टाकी बॉनेटखाली असते आणि तिच्यात एक तरंगता बोंडला असतो. तेल उतरले की बोंडला उतरतो, खालच्या तारा जुळतात आणि दिवा लागतो. टाकीतले तेल हे राखीव. ते आहे तोवर पावलाला कशाचाच पत्ता लागत नाही. घरातला कर्ता माणूस शिल्लक मोडून सण साजरा करीत असतो तेव्हा पोराबाळांना फराळात काय फरक जाणवणार? ज्या दिवशी जाणवतो, त्या दिवशी शिल्लक संपलेली असते.

हे कळल्यावर दिव्याचा चमत्कारिक स्वभावही कळतो. तेल खुणेच्या जरासे वर असले की सपाटीवर बोंडला तरंगतो. उतारावर, वळणावर तेल एका बाजूला कलते, बोंडला टेकतो आणि दिवा लागतो. म्हणजे तो लहरी नव्हता. घाटातच बोलत होता, कारण घाटातच त्याला बोलता येत होते.

भाऊबीजेला आम्ही लिंबागणेशला गेलो ते मी दर दोन दिवसांनी टाकी पाहून, तेल खुणेपर्यंत भरून. त्या खेपेचे कामही तसेच होते. ताईची लेक पहिलटकरीण, आठवा महिना सरत आलेला. शेवटचे दिवस दवाखाना जवळ असावा म्हणून तिला आमच्याकडे बीडला आणायचे ठरले होते. ओवाळणी झाली, अनारसे झाले, भालचंद्राचे दर्शन झाले. इथल्या गणपतीची कथा मोठी सुरेख आहे. चंद्र गणपतीला हसला, गणपतीने त्याला शाप दिला. चंद्राने इथे तप केले, तेव्हा देवाने प्रसन्न होऊन त्याला आपल्या कपाळी धारण केले. तिथली पुष्करिणीही चंद्राच्याच नावाची. देवळातून परतलो, गाडीची किल्ली फिरवली, आणि अंगणातल्या त्या जराशा उतारावर आमच्याही गाडीच्या कपाळी तांबडा चंद्र उगवला.

दाजी म्हणाले, "अहो, आले ना इथपर्यंत? तशीच जाईल." ताई म्हणाली, "दृष्ट लागली असेल, लिंबू उतरवते." ताईचे सासरे, ज्यांना सारे तात्या म्हणतात, ते ओट्यावर सुपारी कातरत होते. त्यांनी उभे आयुष्य बैलगाडी हाकली. ते एवढेच म्हणाले, "पोटुशी पोर घेऊन घाट उतरायचाय. जनावर अडलं तर आधी का अडलं ते बघावं. मग चाबूक."

गावात ट्रॅक्टरचे एक मिस्त्री आहेत. ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे दिवस. त्यांच्या दारात ट्रॅक्टरांची रांग होती. एका ट्रॅक्टरखाली ते उताणे पडले होते. तिथूनच त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले. ताईच्या गावात मी साऱ्यांचाच मामा. ते म्हणाले, "मामा, तेल काय पाखरू न्हाई उडून जायला. कुठंतरी मुरतंय. सांजच्याला येतो."

संध्याकाळी आले ते आधी काहीच उघडले नाही. हँडब्रेक वर ओढला, खाली सोडला, दिवा तसाच. त्याच्या बुडाशी एक बटण असते, त्याची तार काढली, दिवा तसाच. म्हणजे हँडब्रेक निर्दोष. मग टाकीवरची वायर काढली; दिवा गेला. पुन्हा लावली, आला. टाकीत बोट घालून बोंडला वर उचलला, गेला. सोडला, आला. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "हे खोटं बोलत न्हाई." दीड महिना सर्वांनी ज्याला लबाड ठरवले, त्याला पहिल्यांदाच कोणी तरी चांगल्या चालचलणुकीचा दाखला दिला.

आता प्रश्न उरला तेल जाते कुठे. पुढच्या चाकांचे ब्रेकपॅड झिजले की तेल तिकडे सरकते आणि टाकीतली पातळी उतरते. पण ते महिनोन्महिने, पंधरा दिवसांत नव्हे. पॅड पाहिले, जाडी भरपूर होती. नळ्यांवरून फडके फिरवले, कोरडे. गाडीखालची जमीन कोरडी. मग त्यांनी चाकांना दगडांची उटी लावली, मागचे डावे चाक उचलले, ड्रम काढला. आत नुसती काळी धूळ. उजवे चाक उचलले. ड्रम हातोडीने हलके ठोकत बाहेर आला, आणि मिस्त्रींनी टॉर्च माझ्या हाती दिली. आतल्या छोट्या सिलिंडरचे रबर त्यांनी नखाने उचलले. त्याखालून थेंब ओघळला. ब्रेकची दोन्ही कमानदार लायनर तेलाने माखली होती. गळती ड्रमच्या आत, म्हणून जमिनीला डाग नाही. थेंबाथेंबाची, म्हणून पावलाला खबर नाही. साऱ्या मोटारीत ती एकट्या त्या बोंडल्याला ठाऊक होती.

मी विचारले, "असेच गेलो असतो तर?" ते म्हणाले, "टाकीत तेल हाय तवर काय न्हाई. मग एक दिस अर्धा ब्रेक जातो. तो सपाटीवर जायाचा का घाटात, ते काय सांगून व्हतं?" एका ओळीची गळती सारा ब्रेक घालवू नये म्हणून मोटारीत तेलाच्या दोन ओळी वेगळ्या असतात, हे खरे, पण अर्ध्या ब्रेकने मांजरसुंब्याचा घाट उतरण्याचा प्रयोग भरल्या घरातल्या लेकीवर करायचा नसतो.

सिलिंडर आणि लायनर बीडहून दुसऱ्या दिवशी एसटीने आले. तेलमाखली लायनर धुऊन कामाची राहत नाहीत, आणि एकाच चाकाला नवी घातली तर गाडी एकीकडे ओढते. म्हणून दोन्ही चाकांना नवी घातली. तेलही नवे, बंद डब्यातले. हे तेल हवेतला ओलावा पीत असते. 'डॉट ४' जातीचे ताजे तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा प्यायलेले १५५ अंशांवरही उकळू शकते, आणि उकळलेल्या तेलाचे बुडबुडे दाबले तर नुसते दबतात, चाक थांबवीत नाहीत. तशीच आत शिरलेली हवाही काढावी लागते. मी आत बसलो, मिस्त्री चाकापाशी. "दाबा... दाबून धरा... सोडा." चाकाशी नळीतून बुडबुडे, मग पुन्हा, "दाबा... धरा... सोडा." हे अर्धा तास चालले. ओट्यावर बसलेली भाची हसत म्हणाली, "मामा, दवाखान्यात मलाही अगदी असंच सांगणार आहेत म्हणे!" ताईने तिला दटावले, आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून हसू लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. वाटेत ऊसतोडीचे ट्रॅक्टर भेटत होते. बिऱ्हाडे, शेळ्या, पोरे, चूल, सारे वर बांधलेले. ट्रॅक्टरला उजव्या आणि डाव्या चाकाचे ब्रेक निरनिराळे असतात आणि रस्त्यावर धावताना ते एकत्र अडकवून घ्यावे लागतात, हे मला मिस्त्रींनी त्या दोन दिवसांत शिकवले होते. त्या रांगेतल्या कितीकांची ती जोडणी त्यांच्याच हातची असेल! घाट उतरलो. वळणावळणावर मी पाहत होतो. काच काळीभोर होती. मागच्या बाजूला भाची सीताफळ खाता खाता झोपी गेली होती. पुढे तीन आठवड्यांनी तिला मुलगी झाली.

आता किल्ली फिरवली की मी क्षणभर थांबतो. इंजिन सुरू होण्याआधी तो लाल दिवा एकदा लागतो आणि मग विझतो. आपण जागे आहोत एवढे सांगण्यापुरता. घरची मंडळी म्हणतात, "चला ना, कशाची वाट बघता?" पण तो लागलेला पाहिल्याशिवाय माझा पाय पुढे पडत नाही. न लागणाऱ्या दिव्याची भीती वाटावी, असा माझ्या माहितीत तो एकच दिवा आहे.