उंदराची झोप आणि आपले अकरा

फार्मसीच्या प्रयोगशाळेत वेदना सेकंदांत मोजतात. ५५ अंश सेल्सिअसला तापवलेली धातूची पट्टी, तिच्यावर पारदर्शक नळकांडं, आत २०-२५ ग्रॅमचा पांढरा उंदीर आणि बाहेर स्टॉपवॉच धरलेला विद्यार्थी. उंदीर आधी नुसता हुंगत फिरतो. मग पाय झटकतो, मागचा पंजा चाटतो, नाहीतर सरळ उडी मारतो. त्या क्षणी घड्याळ थांबवायचं आणि उंदीर उचलायचा. १५ सेकंदांत काहीच झालं नाही तरी उचलायचाच, नाहीतर पंजा भाजतो. पेंटाझोसिन हे वेदनाशामक टोचलं की हे सेकंद वाढतात. गोंदियात फार्माकॉलॉजी शिकवताना मी कितीतरी तुकड्यांकडून हा प्रयोग करून घेतला. वहीत वजन असतं, डोस असतो, पट्टीचं तापमान असतं. किती वाजले होते, ते मात्र क्वचितच सापडतं.

बहुधा अकरा वाजलेले असतात, कारण टाइमटेबलात प्रॅक्टिकल तेव्हाचं. उंदीर पडला निशाचर. अकराला तो गाढ झोपेत असतो. म्हणजे झोपमोड झालेल्या प्राण्यावर पारखलेलं औषध आपण दिवसा जाग्या माणसाला देतो!

१९७७ साली ‘सायन्स’मध्ये फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी याच गरम पट्टीवरचा एक प्रयोग छापला. उंदरांची प्रतिक्रिया दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलत होती. त्याहून मजेची गोष्ट नॅलोक्सोनची. हे औषध अफूच्या जातीच्या द्रव्यांचा परिणाम अडवतं. ते दिल्यावर उंदरांना चटका जास्त जाणवू लागला आणि हा फरकही वेळेनुसार कमीजास्त झाला. शरीर स्वतःच तयार करत असलेल्या वेदनाशामकांना, म्हणजे एन्केफॅलिन-एंडॉर्फिन मंडळींना, वेळापत्रक असावं असा त्याचा रोख. एन्केफॅलिनचा शोध लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.

मात्र सगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एका सुरात बोलत नाहीत. उंदराची जात बदलली, चाचणी बदलली की संवेदनेचा उच्चांक सरकतो. माझ्या मते यातला बराच घोळ शेपटीचा आहे. १९४१पासून चालत आलेल्या दुसऱ्या एका चाचणीत शेपटीवर प्रखर दिव्याची उष्णता पाडतात आणि ती झटकायला किती वेळ लागतो ते पाहतात. आता ही शेपटी जवळजवळ बिनकेसांची. अंगातली उष्णता बाहेर टाकायचं ते उंदराचं साधन. तिच्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की ती आधीच कोमट होते आणि चटका बसायच्या तापमानाला लवकर पोचते. नवतप्यात दुपारी लोडशेडिंग झालं आणि अॅनिमल हाऊसमधला एसी बंद पडला, की सगळे उंदीर एकाएकी ‘हळवे’ होतात. त्यांची वेदना वाढलेली नसते, शेपटी तापलेली असते. उंदराचं अंगही रोज ठरल्या वेळी थोडं तापतं नि निवतं, त्यामुळे हाच गोंधळ एसी सुरू असतानाही होऊ शकतो. शेपटीचं तापमान न नोंदता काढलेला वेदनेचा आलेख मी तरी मानत नाही.

शेजारच्या गावचे एक कास्तकार मला विचारत होते, “सर, बैलाले रातीच जास्त दुखते का जी?” रोवणीचे दिवस होते. बैल दिवसभर चिखलणीत राबायचा आणि संध्याकाळी कोठ्यात आला की सुजलेल्या खांद्याला हात लावू द्यायचा नाही. उंदराचं गणित इथे जसंच्या तसं लावता येत नाही. बैलाचा दिनक्रमच वेगळा. शिवाय कामाच्या ताणात वेदना काही काळ दबते, हे प्राण्यांत पक्कं दिसलेलं आहे. जू उतरलं की ती वर येते. हा घड्याळाचा प्रताप नव्हे. शरीरातल्या घड्याळाचं नाव घ्यायचं, तर काम, उजेड, खाणं सगळं एकसारखं ठेवूनही चढउतार टिकायला हवा. मी त्यांना एवढंच म्हटलं, की डॉक्टरांना खांदा सकाळी जुंपण्याआधीही दाखवा आणि जू उतरल्यावरही.

माणसावर अशी कसोटी फ्रान्सच्या ल्योंमध्ये झाली. १२ निरोगी तरुणांना ३४ तास मंद उजेडात, जागं ठेवून, थोड्या-थोड्या वेळाने सारखंच खायला देत त्यांची उष्णतेची वेदना मोजली. ती पहाटे साडेतीनच्या सुमारास सर्वाधिक आणि दुपारी साडेतीनच्या आसपास सर्वांत कमी भरली. २०२२मध्ये हे प्रसिद्ध झालं. दाढदुखी रात्रीच का खवळते, याचं निदान अर्धं उत्तर त्यात आहे. उरलेलं अर्धं आडवं झाल्यावर डोक्याकडे वाढणाऱ्या रक्तदाबात.

उपाय अवघड नाही. दिव्यांचं चक्र उलटवायचं, दोनेक आठवडे उंदरांना त्यात रुळू द्यायचं आणि भर दिवसा त्यांच्या ‘रात्री’ मंद तांबड्या उजेडात काम करायचं. तांबडा रंग त्यांना फारसा दिसत नाही. अडचण वेगळीच आहे. तोच उंदीर पुन्हा-पुन्हा पट्टीवर ठेवला तर तो शिकतो आणि सेकंद बिघडतात. म्हणून प्रत्येक वेळेसाठी नवा गट लागतो. इकडे प्राणी नीतिसमिती, आणि ते योग्यच आहे, विचारते की एवढे प्राणी कशाला? चार वेळांचा हट्ट मी केव्हाच सोडला. आता प्रस्तावात दोनच वेळा मागतो: दिवे लागल्यावर सहा तासांनी आणि मालवल्यावर सहा तासांनी. त्यातलीही एकच मंजूर झाली, तर मी दुसरी ठेवतो.