पोहे येऊन राह्यले, बसा ना जी!

नाश्त्यासाठी ताटकळणं आपल्याला काही नवीन नाही. माटुंग्यात कॅफे मद्रासबाहेर रविवारी सकाळी अर्धा तास उभं राहण्यात कुणालाच कमीपणा वाटत नाही. पुण्यात फर्ग्युसन रोडवर 'वैशाली'त टेबल मिळेपर्यंत आठवड्याभराच्या गप्पा आटपतात. उलट, जितकी मोठी रांग तितका डोसा भारी, असा आपला सरळसोट फंडा असतो. पण या वाट पाहण्याला एक शिस्त असते. कोण आधी आलं, कोण नंतर, हे ठरलेलं असतं. आणि मुख्य म्हणजे रांगेतल्या कुणाचीही बस सुटणार नसते.

चामोर्शीत बस सुटते!

आता हे चामोर्शी कुठे? तर पार तिकडे, गडचिरोली जिल्ह्यात. १९८२ साली चंद्रपूरचे दोन भाग होऊन गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. त्यातलं हे तालुक्याचं गाव. नागपूरहून साधारण चार तास लागतात. बाहेरची मंडळी इथे थांबतात ती मार्कंड्यासाठी. गावापासून गाडीने जेमतेम पंधरा-वीस मिनिटांवर वैनगंगेच्या काठी मार्कंडादेवचा मंदिरसमूह आहे. 'विदर्भाचं खजुराहो' म्हणतात ना, तेच. एरवी दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा इथे वळून चक्क उत्तरेकडे वाहते, म्हणून या जागेचं माहात्म्य मोठं. इंग्रजांच्या काळात अलेक्झांडर कनिंगहॅमही ही देवळं पाहून गेला आणि त्याने त्यांचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. हिवाळ्यातल्या वीकएंडला नागपूर-चंद्रपूरच्या गाड्या सुरू होतात.

आणि सकाळी साडेसातला, रिकाम्या पोटी, या सगळ्या गाड्या एकाच ठिकाणी थांबतात. बसस्टँडजवळचं एक हॉटेल. नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते मालकाला फारसं आवडणार नाही!

तर्री, बोंडा आणि गर्दी

मेन्यू छोटा आणि झकास. हरभऱ्याची लालभडक तर्री ओतलेले पोहे, वर बारीक चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड. आलुबोंडा, पण चटणीत बुडवून खायचा नाही, रश्शात कुस्करून खायचा. नशीब असेल त्या दिवशी बरबटीचे वडे. सोबत चहा, साखर सढळ हाताने. दोघांनी पोटभर खाल्लं तरी शहरातल्या एका कॅपुचिनोचे पैसे होत नाहीत.

मी गेलो तो जानेवारीतला शनिवार होता. हॉटेलात पर्यटक म्हणजे आम्ही मूठभर. बाकी गर्दी रोजची. गडचिरोलीला कामाला जाणारे मास्तर. घोटकडून आलेले दोन बंगाली शेतकरी. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना या भागात वसवलं गेलं, त्या गावांमधले. दोघं आपसात बांगला आणि पोऱ्याशी अस्सल इथली मराठी बोलत होते. सुरजागडचं लोहखनिज आणि कोनसरीचा प्रकल्प यांमुळे या रस्त्यावर ट्रकवाल्यांची वर्दळ वाढली आहे, तेही होते. एका टेबलावर चार तरुण डोळे चोळत बसलेले. रात्रभर झाडीपट्टीचं नाटक पाहून आले होते. दिवाळीनंतर इकडे नाटकांचा सीझन असतो. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि मंडळी उजाडता उजाडता घरी परततात. त्या पोरांना फक्त चहा हवा होता, तोही वीस मिनिटं आला नाही.

सोळा प्लेट

आठच्या सुमारास एक टेम्पो ट्रॅव्हलर येऊन थांबली. आतून सोळा जण उतरले. गॉगल, कॅमेरे, 'चला चला, लवकर आवरा'. त्यांच्या म्होरक्याने दारातूनच ऑर्डर सोडली, "दादा, सोळा प्लेट पोहे, सोळा प्लेट बोंडा, फटाफट!"

मालकाचा चेहरा उजळला. पोऱ्या धावला. आणि त्या क्षणापासून हॉटेलातल्या बाकी सगळ्यांचा नाश्ता थांबला.

कढईजवळ एक बाई उभ्या होत्या. कडेवर तापाने मलूल झालेलं पोर, काखेत पिशवी, पिशवीतून डोकावणारी गडचिरोलीच्या दवाखान्याची फाईल. त्या माझ्याही आधीपासून उभ्या होत्या. त्यांना दोन बोंडे हवे होते, कागदात बांधून. पहिला घाणा निघाला तो ट्रॅव्हलरवाल्यांकडे गेला. त्या म्हणाल्या, "भाऊ, माही गाडी लागली जी." मालक म्हणाले, "होते न बाई, पाचच मिनिटं." दुसरा घाणा तेलात पडला. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बाईंनी एकदा कढईकडे पाहिलं, एकदा बसकडे, आणि मुकाट्याने निघून गेल्या. पुढे दवाखान्यातली रांग, केसपेपर, डॉक्टर. त्यांना खायला कधी मिळालं असेल, कोण जाणे.

बस गेली आणि दोन मिनिटांत घाणा निघाला. सोळांपैकी एकाने बोंडा अर्धा खाऊन बाजूला सारला आणि शेजारच्याला म्हणाला, "सर्व्हिस एकदम बकवास आहे यार!"

सर्व्हिस बकवास होती, हे खरंच. पण ती भोगली कुणी?

घोडं अडतं कुठे?

साडेनऊला गर्दी ओसरली. मी दुसरा चहा घेऊन मालकांशेजारी बसलो आणि गोष्ट हळूहळू कळत गेली. आपल्याला वाटतं, पोहे-बोंडे म्हणजे तयारच असतात. तसं नसतं. पोहे भिजवून ठेवले तर गोळा होतो, म्हणून ते थोडे थोडे भिजवायचे. बोंड्याचा घाणा घाईत काढला तर वरून लाल आणि आत गार. शेगड्या दोन. एकीवर तर्री उकळत ठेवावी लागते, म्हणजे तळायला उरली एकच. पण खरं घोडं अडतं प्लेटांवर! हॉटेलात स्टीलच्या प्लेटा जेमतेम तीस, आणि त्या धुणारा पोरगा एकटा. सोळा लोकांनी दोन-दोन प्लेटा घेतल्या की हॉटेल बंद पडल्यातच जमा. पोहे तयार असतात, घालायचे कशात?

मी त्या बाईंचा विषय काढला. मालक गप्प झाले. मग म्हणाले, "तुमी लोक वर्षातून एकडाव येता जी. हे लोक रोज येतेत. पण सोळा प्लेटीचा गल्ला दिसला का मन राहत नाही, खरं सांगतो."

माणूस खरं बोलला, म्हणून राग धरवेना. पण पटलंही नाही. दोन बोंडे कागदात बांधायला प्लेट लागत नाही. पहिल्या घाण्यातून दोन बाजूला काढले असते, तर सोळा जणांपैकी कुणालाही पत्ता लागला नसता. मी तसं म्हटलं. "बसवाल्याइचं आधी, बाकीच्याइचं मंग, असं कराले पाह्यजे," ते मान हलवत म्हणाले. एक पाटी लावा, म्हणजे पर्यटकही समजून घेतील, असं मी सुचवलं. त्यावर हसले, "पाटी वाचते कोण जी!"

चूक फक्त त्यांची नाही, हेही तितकंच खरं. आपण लहान गावातल्या हॉटेलात शिरतो तेव्हा शहरातला हिशेब सोबत नेतो. मोठी ऑर्डर म्हणजे मोठा गिऱ्हाईक, मोठा गिऱ्हाईक म्हणजे पहिला नंबर. पण हे हॉटेल आपल्यासाठी उघडलेलंच नाही. ते पहाटेपासून पेटतं ते दवाखाना, शाळा, कचेरी गाठणाऱ्या माणसांसाठी. आपण त्यांच्या सकाळीत घुसलेले पाहुणे. पाहुण्याने आधी ताटावर बसू नये, हे आपल्याला घरी शिकवायला लागत नाही, मग बाहेरच विसर का पडतो?

पुढे मार्कंड्याला पोचलो. ऊन कोवळं होतं, नदीला पाणी होतं आणि भिंतींवरच्या मूर्ती तासभर पाहूनही संपत नव्हत्या. या मंदिराच्या जीर्णोद्धाराचं काम अनेक वर्षं रेंगाळलं. गावकऱ्यांनी त्याचीही वाट पाहिली. या भागातली माणसं वाट पाहण्यात पक्की आहेत. निदान नाश्त्याच्या बाबतीत तरी आपण त्यात भर घालू नये!

जाणार असाल तर...

कसं जाल : नागपूरहून उमरेड, नागभीड, मूलमार्गे किंवा आरमोरी, गडचिरोलीमार्गे. चंद्रपूरकरांना मूलवरून सोयीचं.

कधी जाल : नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. महाशिवरात्रीला जत्रेची मजा घ्यायची असेल तरच जा, देवळं निवांत पाहायची असतील तर इतर दिवशी.

कसं खाल : ग्रुप मोठा असेल तर नऊनंतर पोचा, सकाळच्या बसगाड्या तोवर निघून गेलेल्या असतात. लवकर पोचलात तर आधी देऊळ, मग पोहे. सोळा प्लेट एकदम मागू नका, चार-चार घ्या. स्वतःच्या प्लेटा नेल्यात तर मालक तुमच्यावर जाम खूश!

आणि शेजारी कुणी पिशवी सावरत बसकडे बघताना दिसलं, तर आपला पहिला बोंडा तिकडे जाऊ द्या. 'पाच मिनिटं' म्हणजे पंधरा, हे तुम्हाला परवडतं. त्यांना नाही.