तळ्यापलीकडचा मुलगा

तेरावं वर्ष मोठं अवघड असतं. आवाज फुटू लागतो, बाह्या आखूड पडतात. घरच्यांचं बोलणं पटेनासं होतं आणि त्यांच्याशिवाय करमतही नाही. या वयाचं सगळ्यांत खरं चित्र मला भेटलं ते एका जादूगार पोराच्या गोष्टीत. ‘हॅरी पॉटर अँड द प्रिझनर ऑफ अझ्काबान’, मालिकेतला तिसरा चित्रपट, २००४ सालचा. माझा तो फार लाडका आहे. एखाद्या दिवशी मन खट्टू झालं की मी तोच लावून बसते.

आधीचे दोन चित्रपट ख्रिस कोलंबस यांचे. त्यांतली हॉगवर्ट्सची शाळा उबदार, सोनेरी, सदा सणाच्या तयारीत असल्यासारखी. तिसरा चित्रपट अल्फॉन्सो क्वारोन या मेक्सिकन दिग्दर्शकाकडे आला आणि शाळेवर ढग उतरले. शाळेचा रखवालदार हॅग्रिड याची झोपडी त्यांनी स्कॉटलंडात, ग्लेन्कोच्या डोंगरउतारावर बांधून घेतली. त्यामुळे पडद्यावर ओलं गवत आलं, काळे खडक आले, अंगाला झोंबणारा वारा आला. गणवेशांची शिस्तही सुटली. कुणाची टायची गाठ सैल, कुणाचा शर्ट बाहेर लोंबतोय. त्या वयाची मुलं कपडे घालतात तशीच ही घालतात.

चित्रीकरणाआधी क्वारोन यांनी तिघा मुख्य बालकलाकारांना आपापल्या पात्रावर निबंध लिहायला सांगितला होता. एमा वॉटसनने सोळा पानं लिहून आणली, डॅनियल रॅडक्लिफने एक पान, आणि रुपर्ट ग्रिंटने काहीच दिलं नाही. हर्मायनी, हॅरी आणि रॉन यांनीही नेमकं हेच केलं असतं. पात्र अंगात भिनणं म्हणतात ते हेच.

या गोष्टीतलं भय नवं आहे. शाळेकडे निघालेली आगगाडी पावसात मध्येच थांबते, दिवे जातात, खिडकीच्या काचेवर बर्फ चढू लागतं आणि डब्याच्या दारात एक काळी, फाटक्या वस्त्रांची आकृती येऊन उभी राहते. हे डिमेंटर, अझ्काबानच्या तुरुंगाचे पहारेकरी. ते अंगाला इजा करत नाहीत. माणसातला आनंद शोषून घेतात आणि मागे फक्त वाईट आठवणी ठेवतात. लेखिका जे. के. रोलिंग यांनी सांगितलं आहे की, त्यांना स्वतःला आलेल्या नैराश्यातून हे प्राणी जन्मले. ज्याने तो काळ सोसला आहे, त्याला ही थंडी लगेच ओळखू येईल.

त्यावरचा पहिला उतारा किती साधा! लुपिन सर शुद्धीवर आलेल्या हॅरीच्या हाती चॉकलेट देतात आणि खा म्हणतात. डेव्हिड थ्यूलिस यांनी उभा केलेला हा मास्तर मला अतिशय आवडतो. कोट विटलेला, चेहऱ्यावर व्रण, डोळ्यांत न झोपलेल्या रात्री. पण वर्गात आला की पोरांच्या मनातली भीती हलकी करणारा. कपाटात दडलेला बोगार्ट ज्याला ज्याची धास्ती, त्याचं रूप घेतो. नेव्हिलसमोर तो स्नेप सर होऊन येतो आणि बघता बघता नेव्हिलच्या आजीचे कपडे घालून उभा राहतो. ग्रामोफोन वाजत असतो, वर्ग खदखदून हसतो. जिच्यावर हसता येतं त्या भीतीचा जोर ओसरतो, हा धडा पोरं त्या एका तासात शिकतात.

डिमेंटरसमोर मात्र हसून भागत नाही. तिथे पॅट्रोनस लागतो, मनातल्या सर्वांत सुखाच्या आठवणीतून निघणारा उजेड. पहिल्या प्रयत्नात हॅरी झाडूवर पहिल्यांदा बसल्याचा क्षण आठवतो, पण तो पुरत नाही. मग तो आईवडिलांचे चेहरे डोळ्यांसमोर आणतो. ते त्याच्याशी नुसतं बोलत असतात. हे कधी खरंच घडलं का, हेही त्याला ठाऊक नाही. त्याच्यापाशी सर्वांत चांगलं म्हणून आहे ते एवढंच. अनाथ पोराने स्वतःपुरती जपलेली ही आठवण मात्र उजेडाला पुरते.

पुढे तळ्याकाठी डिमेंटरांचे थवे हॅरीवर आणि अझ्काबानमधून पळालेल्या सिरियसवर तुटून पडतात, तेव्हा पलीकडच्या काठावरून एक तेजस्वी हरीण प्रकट होतं. हॅरीला वाटतं, बाबाच आले. त्यानंतर हर्मायनीच्या टाइम-टर्नरने ती आणि हॅरी काही तास मागे जातात आणि आपण पाहिलेली संध्याकाळ दुसऱ्या बाजूने पुन्हा उलगडते. देहदंड ठरलेल्या बकबीक या हॅग्रिडच्या पंखवाल्या प्राण्याची मान उडाली म्हणून आपण हळहळलो होतो; प्रत्यक्षात चिडलेल्या जल्लादाने कुऱ्हाड भोपळ्यावर घातलेली असते. घडलेलं काहीच बदलत नाही. आपण अर्धंच पाहिलं होतं, एवढं कळतं.

हॅरी झुडपाआडून बाबांची वाट पाहत राहतो. समोर तो स्वतः आणि सिरियस मरणाच्या दारात. हर्मायनी सांगते, कुणीही येणार नाही. तेव्हा तो पुढे होतो, कांडी उचलतो आणि हरीण त्याच्याच हातून निघतं. वडील आले नाहीत हे खरं, आणि हरीण वडिलांचंच रूप होतं हेही तितकंच खरं. गेलेली माणसं मदतीला येतात ती अशी, आपल्याच हातांनी.

शेवटी लुपिन सर सामान बांधतात. ते मानव-लांडगा आहेत हे फुटलेलं असतं, आणि असा शिक्षक पालकांना चालणार नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं. गावाने नको म्हणण्याआधीच ते निघतात. सर्वांत चांगला मास्तर असा जावा, याचं मला दर वेळी नव्याने वाईट वाटतं.

तिकीटबारीवर आठ चित्रपटांत सर्वांत कमी कमाई याचीच झाली. माझ्या लेखी मात्र तो आठांत अव्वल आहे. बाकीच्यांत जादू दिसते, यात मूल मोठं होताना दिसतं. तुमच्या घरात त्या वयाचं कुणी असेल, तर १४२ मिनिटं काढा आणि त्याच्या शेजारी बसून हा चित्रपट पाहा. तळ्याचा प्रसंग आला की त्याला काही समजावून सांगू नका. त्याचं त्याला कळेल.